जुन्या विंडोजवर नकाशांचे नवे सॉफ्टवेअर

प्रश्न : आमच्या पाणलोट समितीच्या कार्यालयात विंडोज ७ (६४-बिट) असलेला, ४ जीबी मेमरीचा संगणक आहे. विहिरी व बंधाऱ्यांचा नकाशा करण्यासाठी त्यावर क्यूजीआयएस या नकाशे करण्याच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती घेतली. इन्स्टॉलेशन विनातक्रार पूर्ण झाले, पण प्रोग्रॅम उघडताना ‘एपीआय-एमएस-विन-कोअर-पाथ’ या नावाची डीएलएल (प्रोग्रॅमला लागणारी सहायक) फाइल सापडत नसल्याचा संदेश येतो. ही फाइल इंटरनेटवरून उतरवून घ्यावी का?
— एक वाचक, सिन्नर

उत्तर : घेऊ नये. असे संदेश दोन प्रकारचे असतात आणि त्यांची नावे इतकी सारखी दिसतात की गफलत सहज होते. नावात ‘सीआरटी’ असेल, तर सर्व्हिस पॅक १ आणि त्यानंतरचे एक अद्यतन घातल्यावर अडचण सुटते. आपल्या संदेशात मात्र ‘कोअर-पाथ’ आहे. ही सोय विंडोज ८पासून आली. विंडोज ७मध्ये ती कधी नव्हतीच, त्यामुळे ‘हरवलेली’ फाइल परत आणण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. ती मागतो तो पायथन, म्हणजे एक प्रोग्रॅमिंग भाषा. क्यूजीआयएसचे बरेचसे काम पायथनवर चालते. अलीकडच्या आवृत्त्यांबरोबर पायथन ३.९ किंवा त्यापुढचा येतो, आणि विंडोज ७वर चालणारी शेवटची मालिका ३.८ होती. कम्पॅटिबिलिटी मोडचाही उपयोग नाही, कारण तो प्रोग्रॅमला विंडोजची वेगळी आवृत्ती असल्याचे भासवतो, नसलेली सोय पुरवत नाही. अनोळखी संकेतस्थळांवरून सुट्या डीएलएल आणून टाकणे म्हणजे तर व्हायरसला घरचे आमंत्रण.

आपल्या कामासाठी ऑक्टोबर २०२० मध्ये आलेली ३.१६ ही दीर्घकालीन आवृत्ती घ्यावी. क्यूजीआयएसच्या अधिकृत संकेतस्थळावर जुन्या इन्स्टॉलरचे भांडार आहे, तिथूनच ती उतरवावी. (३२-बिट विंडोज असलेल्या वाचकांनाही हीच उपयोगी पडेल, ३.२०पासून विंडोजसाठी केवळ ६४-बिट इन्स्टॉलर निघतात.) विहिरींचे बिंदू जीपीएसवरून घेणे, गावनकाशा स्कॅन करून अक्षांश-रेखांशांवर बसवणे, बंधाऱ्याभोवतीचे क्षेत्र काढणे, मोठ्या कागदावर छपाई करणे, हे सारे तीत नीट होते. नव्या आवृत्तीवाचून आपले काही अडेल, असे मला वाटत नाही.

अडचण सुरक्षिततेची आहे. विंडोज ७ची सर्वसाधारण सुरक्षा अद्यतने १४ जानेवारी २०२० रोजी थांबली, म्हणून हा संगणक इंटरनेटला न जोडता नकाशांपुरताच वापरणे उत्तम. अर्थात मग उपग्रह छायाचित्रांची पार्श्वभूमी थेट मिळणार नाही. गावाच्या हद्दीपुरती प्रतिमा, तिच्या वापराच्या अटी पाहून, दुसऱ्या संगणकावर जिओटिफ (नकाशावरील स्थान नोंदलेले चित्र) स्वरूपात तयार करून पेनड्राइव्हने आणावी लागेल.

नवीच आवृत्ती हवी असेल, तर संगणक मोडीत न काढता विंडोजऐवजी लिनक्स ही कार्यप्रणाली घालता येते. डेबियन १२ या तिच्या एका प्रकाराच्या भांडारात क्यूजीआयएस ३.२२ आहे आणि एक्सएफसीईसारखा हलका डेस्कटॉप ४ जीबीमध्ये भागवून घेतो. आधी पेनड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता, चालवून प्रिंटर ओळखला जातो का, ते पाहावे. समितीचा हिशेब केवळ विंडोजवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये असेल, तर या वाटेला जाऊ नये.

प्रश्न : कार्यालयात क्यूजीआयएसची नवी आवृत्ती आहे आणि घरच्या जुन्या संगणकावर ३.१६. कार्यालयातील प्रकल्प घरी उघडता येईल का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : बहुतेक वेळा उघडतो, मात्र फाइल नव्या आवृत्तीत केल्याची सूचना येते. ती वाचून सोडून देऊ नये, कारण नव्या आवृत्तीतील जी मांडणी जुनीला कळत नाही, ती घरी ‘सेव्ह’ करताच पुसली जाऊ शकते. म्हणून घरी प्रकल्प वेगळ्या नावानेच जतन करावा. मूळ माहिती जिओपॅकेजमध्ये (नकाशांची माहिती एकाच फाइलमध्ये साठवणारे स्वरूप) ठेवल्यास ती दोन्हीकडे चालते. पेनड्राइव्हवर घेण्यापूर्वी क्यूजीआयएस पूर्ण बंद करावे. ते चालू असताना जिओपॅकेजशेजारी नावाच्या शेवटी ‘वॉल’ असलेली एक छोटी फाइल दिसते; ताज्या नोंदी कधीकधी तिच्यातच असतात, आणि केवळ मुख्य फाइल उचलली तर त्या कार्यालयातच राहतात.