प्लेटलेट पुरेशा असूनही रक्त का थांबत नाही?

प्रश्न : माझ्या चौदा वर्षांच्या मुलीचा लहानपणापासून वारंवार घोळणा फुटतो आणि पाळी सुरू झाल्यापासून रक्तस्राव फार होतो. प्लेटलेट अडीच लाख असूनही डॉक्टरांनी ‘ग्लान्झमान थ्रॉम्बॅस्थेनिया’ हा जन्मजात आजार सांगितला आहे. तिच्या आजीच्या पायातील नीलेत गुठळी झाली होती. मुलीला निदान तो धोका तरी नाही, असे समजावे का?
— एक आई, सातारा

उत्तर : तसे समजू नये. रिपोर्टमधील आकडा प्लेटलेट किती आहेत एवढेच सांगतो, त्या काम करतात की नाही हे त्यावरून कळत नाही. जखमेपाशी प्लेटलेट फायब्रिनोजेन या प्रथिनाच्या आधारे एकमेकींना धरून ठेवतात. स्विस बालरोगतज्ज्ञ एडुआर्ड ग्लान्झमान यांनी १९१८ मध्ये वर्णन केलेल्या या आजारात प्लेटलेटवरील ते प्रथिन पकडणारी जागाच नसते किंवा निकामी असते. सदोष जनुक आई व वडील दोघांकडून यावे लागते, त्यामुळे मामाच्या मुलीशी लग्नाची रीत असलेल्या घराण्यांत तो आढळण्याची शक्यता वाढते. यात तुमचा कोणताही अपराध नाही, हे मुद्दाम सांगावेसे वाटते.

गुठळी कोठे होते यावर तिची घडण ठरते. हृदयाच्या व मेंदूच्या रोहिण्यांत रक्त वेगाने वाहते आणि तेथील चरबीचा थर फाटला की प्रथम प्लेटलेटच जमतात. म्हणून हृदयविकारात अ‍ॅस्पिरिन देतात. पायाच्या खोल नीलांत मात्र प्रवाह मंद असतो, झडपांमागच्या खोलगट जागेत तर रक्त जवळजवळ थबकते, आणि तेथील गुठळी मुख्यतः फायब्रिन (फायब्रिनोजेनपासून बनणारे चिवट धागे) व तांबड्या पेशींची बनते. फायब्रिन तयार करणारी यंत्रणा तुमच्या मुलीत शाबूत आहे. या आजाराच्या रुग्णांत नीलेत गुठळी झाल्याची उदाहरणे थोडी असली, तरी आहेत.

पाळीचा रक्तस्राव आवरण्यासाठी ट्रानेक्सॅमिक अ‍ॅसिड किंवा संप्रेरकांच्या गोळ्या देतात. त्यांपैकी इस्ट्रोजेनयुक्त गोळ्यांनी नीलेतील गुठळीचा धोका वाढतो, म्हणून आजीचा आजार डॉक्टरांना आधीच सांगावा. ताप किंवा अंगदुखीसाठी अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन देऊ नये. हिमोग्लोबिन व लोह तपासून घ्यावे. प्लेटलेट वारंवार चढवल्यास शरीरात त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होऊ शकतात आणि पुढे खरी गरज पडेल तेव्हा त्यांचा उपयोग होत नाही. म्हणून दात काढायचा असला तरी आधी रक्तविकारतज्ज्ञांना विचारावे. सख्ख्या भावंडांपैकी प्रत्येकाला हा आजार असण्याची शक्यता चारांत एक असते, तेव्हा त्यांचीही तपासणी करावी.