गाडी चढाला दम तोडते, फ्युएल प्रेशर कमी आहे का ते कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की साताऱ्यात सपाटीला गाडी मस्त पळते पण यवतेश्वर घाट चढताना तिसऱ्या गिअरला अडखळते, हे लक्षण फ्युएल प्रेशर, म्हणजे इंजिनकडे जाणाऱ्या पेट्रोलचा दाब, कमी असल्याचं असू शकतं पण लगेच टाकीतला फ्युएल पंप बदलू नका, पंप महाग पडतो आणि बऱ्याचदा दोष त्याचा नसतोच.

आधी चावी ऑन करा, स्टार्ट नको, मागच्या सीटखाली कान लावा, दोनेक सेकंद पंपाचा घूं आवाज यायला हवा. नसेल तर पंपाचा फ्यूज, रिले (पंपाला करंट देणारा स्विच) बघा. आवाज आला म्हणजे प्रेशर आलं असं नाही हं, त्यासाठी दाब मोजणारा गेजच लागतो. साध्या एमपीएफआय (इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या) पेट्रोल गाडीत साधारण 3 ते 4 बार असतं, नक्की आकडा मॅन्युअलमध्ये. गेज पेट्रोलच्या लाइनला टी (तीन तोंडांचा जोड) जोडून लावतात, पण आधी लाइनमधलं प्रेशर सोडून, नाहीतर पेट्रोल गरम इंजिनवर उडतं, जिवाशी खेळ नको.

खरी गंमत लोडवर, म्हणजे इंजिनवर ताण आल्यावर. आयडलला काटा बरोबर आणि घाटात खाली येतो तर फिल्टर चोंदलाय किंवा पंप थकलाय, पण त्याआधी पंप चालू असताना त्याच्या कनेक्टरवर व्होल्टेज मोजा, काळी पडलेली पिन किंवा गंजलेली अर्थिंगची वायर असली की चांगला पंपही मार खातो. इंजिन बंद केल्यावर काटा झरझर पडला तर दोष चेक व्हॉल्व्हचा (पेट्रोल मागे जाऊ न देणारा), रेग्युलेटरचा (दाब ठरलेला ठेवणारा) नाहीतर गळक्या इंजेक्टरचा.

आणि टाकी कायम रिझर्व्हला ठेवू नका, पंप पेट्रोलनेच थंड राहतो.