पैसा कोणाच्या हुकमाखाली?

प्रिय,

सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. निम्मी बचत परदेशी बँकेत मुदत ठेवीत आणि निम्मी परदेशी समभागांत घालावी, म्हणजे उद्या आपल्या सरकारने काही आततायी निर्णय घेतला तरी पैसा त्याच्या हाताबाहेर राहील, हा तुझा हिशेब. पुढच्याच परिच्छेदात मात्र ‘ती बँक बुडाली तर?’ ही धास्ती. बचतीचे महत्त्व तुला सांगण्याची गरज नाही, म्हणून थेट बोलतो.

तुझी धास्ती चुकीच्या जागी आहे. परदेशात पैसा पाठवल्याने सरकारपासून सुटका होत नाही. एकाऐवजी दोन सरकारे मानगुटीवर बसतात, आणि त्यांतल्या दुसऱ्याला तुझ्या मताची गरजच नसते. व्याजदर नंतर पाहा. अडचणीच्या दिवशी हा पैसा कोणाच्या हुकमाखाली असेल, हे आधी विचार.

ठेवीला विमा आहे, असे तू मोठ्या विश्वासाने लिहिले आहेस. आइसलँडच्या एका बँकेने ब्रिटन आणि नेदरलँड्समध्ये चढ्या व्याजाने ठेवी गोळा केल्या होत्या. त्यांनाही विमा होता. ऑक्टोबर २००८ मध्ये आइसलँडमधल्या मोठ्या बँका कोसळल्या, तेव्हा सरकारने तातडीचा कायदा करून देशातल्या ठेवी नव्या बँकांत हलवल्या आणि परदेशी शाखांतल्या ठेवी जुन्या, बुडीत बँकेतच राहू दिल्या. ब्रिटन व नेदरलँड्सच्या सरकारांनी आपापल्या ठेवीदारांना पैसे दिले म्हणून त्यांचे निभावले. ही भरपाई आइसलँडच्या सरकारने द्यायची का, हा वाद पुढे एफ्टा (युरोपीय मुक्त व्यापार संघटना) न्यायालयात गेला आणि २०१३ मध्ये निकाल आइसलँडच्या बाजूने लागला. विम्याच्या कागदावर विसंबणाऱ्याने तो निकाल जरूर वाचावा.

त्याच वर्षी सायप्रसमध्ये बँका जवळजवळ दोन आठवडे बंद होत्या. विम्याच्या मर्यादेतल्या ठेवींवरही कर बसवण्याचा पहिला प्रस्ताव संसदेने फेटाळला. पण सर्वांत मोठ्या बँकेतल्या एक लाख युरोंवरील रकमेचा ४७.५ टक्के भाग अखेर त्याच बँकेच्या समभागांत बदलला गेला. अर्जेंटिनाने २००२ मध्ये डॉलरमधल्या ठेवी एका डॉलरला १.४० पेसो या दराने पेसोंत बदलल्या. त्याच वर्षी बाजारात डॉलर तीन पेसोंच्या वर गेला. ठेव डॉलरची होती, हुकूम मात्र अर्जेंटिनाचा होता. पुन्हा तोच प्रश्न आला ना?

समभागांची गोष्ट थोडी वेगळी आहे. ठेव ठेवलीस की तू बँकेचा धनको, म्हणजे तिला उसने देणारा, होतोस, समभागांची मालकी मात्र तुझीच राहते. पण २०२२ नंतर रशियात अडकलेल्या परदेशी गुंतवणूकदारांकडे मालकी होतीच. त्यांना विकण्याची परवानगी नव्हती आणि लाभांश विशेष खात्यांत पडून राहिला. मालक असणे आणि मोकळे असणे यांतला हा फरक मला फार उशिरा कळला.

होय, हे सारे मी पोळल्यावर शिकलो. तरुणपणी मी परदेशातल्या एका बँकेत पैसे ठेवले. तिचे ताळेबंद महिनाभर चाळले होते आणि माझे वाचन चुकलेही नव्हते. ती बँक शेवटपर्यंत धडधाकट होती. तिथल्या सरकारची परकीय गंगाजळी मात्र आटली, एका रात्रीत पैसा बाहेर नेण्यावर बंदी आली आणि माझी रक्कम काही वर्षांनी, सरकारने ठरवलेल्या दराने, खूपच घटून परत आली. परकीय चलनाच्या कायद्याचे एक पानही मी उघडले नव्हते.

त्यानंतर मी कित्येक वर्षे परदेशात एक छदामही गुंतवला नाही. त्या काळात समवयस्कांनी बरीच कमाई केली आणि मला भित्रा ठरवले. ठरवोत. त्यांच्यावर हुकूम बजावला गेला नाही, एवढेच त्यांचे शहाणपण, असे मी आजही म्हणतो. त्यात मत्सर असेल तर तोही कबूल.

तुला जाऊ नकोस असे मी म्हणत नाही. सगळी रक्कम एकाच परक्या सरकारच्या हाती देऊ नकोस, आणि लवकर लागणारा पैसा तर मुळीच पाठवू नकोस. सही करण्यापूर्वी अर्जाची प्रत मला पाठव. पैसे परत नेण्याच्या अटी आणि वाद कोणत्या देशाच्या न्यायालयात चालेल हे सांगणारे कलम, या दोन ठिकाणी तूच आधी खूण करून ठेव. व्याजाचा तक्ता पाठवला नाहीस तरी चालेल.