शाळेतली पोरं की पोर्टलमधली? कॉलेज फुटबॉलवर तुमचे प्रश्न

प्रश्न: नमस्कार. माझा मुलगा ब्लूमिंग्टनला इंडियाना युनिव्हर्सिटीत एमएस करतोय. जानेवारीत त्यांची फुटबॉल टीम नॅशनल चॅम्पियन झाली तेव्हा आपल्याकडे सकाळ होती, त्याचा फोन काही थांबेना. पण तोच म्हणतो की बरीचशी टीम दुसऱ्या कॉलेजांतून आणलेली आहे. मग हायस्कूलची पोरं घेऊन घडवत बसायचं कशाला?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: काका, आधी मुलाचं अभिनंदन, २०२३ ला ९ मॅच हरलेली टीम दोन वर्षांत १६-० (सोळा जिंकल्या, एकही हरली नाही) करून मायामी युनिव्हर्सिटीला फायनलमध्ये हरवते हे परत कधी बघायला मिळेल सांगता येत नाही.

नवीन वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. इथे फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल. ट्रान्सफर पोर्टल म्हणजे एनसीएएची (तिकडच्या कॉलेज खेळांची संस्था) यादी, ऑक्टोबर २०१८ पासून आहे, कॉलेज बदलायचं असेल तर खेळाडूचं नाव तिच्यात जातं आणि मग बाकीचे कोच त्याच्याशी बोलू शकतात. पूर्वी कॉलेज बदललं की साधारण एक वर्ष बाहेर बसायला लागायचं, २०२१ मध्ये एकदा बदलायची मोकळीक मिळाली आणि २०२४ पासून कितीही वेळा बदला, फक्त अभ्यास सांभाळून असला पाहिजे.

आता इंडियाना. कोच कर्ट सिग्नेटी २०२४ च्या सीझनला जेम्स मॅडिसन युनिव्हर्सिटीतून आले आणि येताना तिथले डझनभर खेळाडू घेऊन आले, म्हणून लोक म्हणतात पोर्टलवर टीम उभी केली. पण ते खेळाडू कोण होते बघा ना. मिकेल कामारा, एडन फिशर, डँजेलो पॉन्ड्स ही पोरं हायस्कूल संपवून थेट जेम्स मॅडिसनला गेलेली, मोठ्या कॉलेजांनी त्यांच्याकडे फारसं बघितलं नव्हतं, तिथे सिग्नेटींच्या हाताखाली तयार झाली आणि मग त्यांच्याच मागे इंडियानाला आली. म्हणजे यादीवर ट्रान्सफर दिसतं पण मुळात ते हायस्कूल रिक्रूटिंगच आहे, फक्त दुसऱ्या कॉलेजात केलेलं. कोचला पोरगा घरापासून माहिती, पोराला कोचची पद्धत माहिती, हे अनोळखी ट्रान्सफरमध्ये मिळत नाही.

इंडियानाचा क्वार्टरबॅक (बॉल फेकून हल्ला चालवणारा मुख्य खेळाडू) फर्नांडो मेंडोझाचंही तेच, मायामी शहरातला मुलगा, हायस्कूलमध्ये असताना येलला जायचं ठरलेलं, मग कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीने घेतलं, तिथे तीन वर्षं काढली, तिसऱ्या वर्षानंतर इंडियानाला आला आणि २०२५ ची हाइझमन ट्रॉफी (वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूची) घेऊन गेला. ती पहिली तीन वर्षं कोणीतरी त्याच्यावर खर्च केलीच ना?

दुसरी बाजू पण बघा. फ्लोरिडा स्टेट २०२३ मध्ये पोर्टलच्या जोरावर शेवटची मॅच सोडता १३-० गेली, जॉर्डन ट्रॅव्हिस लुइव्हिलमधून आलेला, कीऑन कोलमन मिशिगन स्टेटमधून, जॅरेड व्हर्स ऑल्बनीमधून. ही मंडळी एनएफएलला, म्हणजे प्रोफेशनल लीगला गेली, परत पोर्टलमधूनच जागा भरल्या आणि २०२४ मध्ये टीम २-१०. खाली तीन वर्षं तयारी करून वाट बघत बसलेली पोरं पुरेशी नसली की असं होतं. आणि उलट टोकाला क्लेम्सनचे कोच डॅबो स्विनी, २०२४ ला पोर्टलमधून एकही खेळाडू न घेता एसीसी (त्यांची लीग) जिंकले, प्लेऑफला गेले, पण पुढच्या वर्षी खूप अपेक्षा असताना ७-६ वर अडकले. माझं मत सांगतो, टीमचा गाभा हायस्कूलमधून यायला हवा आणि पोर्टल भोकं बुजवायला वापरावं, त्यातही ऑफेन्सिव्ह लाइन, म्हणजे क्वार्टरबॅकच्या पुढे उभं राहून त्याला वाचवणारी पोरं, तर घरचीच हवी कारण तिथला तयार माणूस पोर्टलमध्ये मिळणं अवघड आणि मिळाला तर महाग.

प्रश्न: हे म्हणजे आयपीएलचं ऑक्शनच झालं का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर: नाही हो. ऑक्शनमध्ये कुठे खेळायचं ते खेळाडूच्या हातात नसतं, इथे ते तोच ठरवतो. पैसा मात्र आला, जुलै २०२५ पासून कॉलेज स्वतः खेळाडूंना पैसे देऊ शकतं, पहिल्या वर्षी सगळ्या खेळांचे मिळून साधारण २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत, आणि ज्या कोर्ट सेटलमेंटमुळे हे झालं त्यातच फुटबॉल टीमवर १०५ खेळाडूंची मर्यादा आली. पूर्वी ८५ स्कॉलरशिप आणि वर बिनस्कॉलरशिपची कितीतरी पोरं सरावाला असायची, ती जागा आता आकसली. पुढच्या ताईंचा प्रश्न तिथूनच येतो.

प्रश्न: आम्ही कोलंबसजवळ राहतो. मुलगा अकरावीत आहे, ऑफेन्सिव्ह लाइनला खेळतो, सहा फूट तीन इंच. मागच्या वर्षी तीन-चार कॉलेजचे कोच फोन करत होते, आता कोणी करत नाही. एकाने सांगितलं की यंदा त्या जागेवर आम्ही पोर्टलमधून घेणार आहोत. मुलगा गप्प गप्प असतो, नवरा म्हणतो सोडून दे, अभ्यास कर. काय करू?
– एक आई, ओहायो

उत्तर: ताई, मुलाला पहिलं हे सांगा की फोन थांबले म्हणजे तो खेळाडू म्हणून कमी पडला असं नाही. कोचच्या जागी बसून बघा, एकीकडे सतरा वर्षांचा मुलगा ज्याचं अंग अजून भरायचंय, दुसरीकडे एकवीस-बावीस वर्षांचा गडी ज्याचा कॉलेज मॅचचा व्हिडिओ समोर आहे, जागा १०५ च, आणि दोन वर्षांत निकाल नाही लागला तर कोचची स्वतःची नोकरी जाते. तो घाबरून मोठाच घेतो. त्यात तारखांचा घोळ आहे, हायस्कूलची पोरं डिसेंबरच्या सुरुवातीला कॉलेजशी करारावर सही करतात आणि पोर्टल उघडतं जानेवारीत (२०२६ मध्ये २ ते १६ तारखेला होतं), म्हणजे आपल्याकडचे कोण सोडून जाणार ते पक्कं कळायच्या आधीच नवीन पोरं घ्यायची, मग बरेच कोच जागा राखून ठेवतात आणि शाळेतल्या पोरांना ऑफर कमी जातात. मला हे मनापासून चुकीचं वाटतं, आधी पोर्टल उरकावं आणि मग सह्या घ्याव्यात.

पण तुमच्याच गावची टीम बघा ना. ओहायो स्टेटने २०२४ च्या सीझनची चॅम्पियनशिप जिंकली त्यात क्वार्टरबॅक विल हॉवर्ड कॅन्सस स्टेटचा, केलेब डाऊन्स अलाबामाचा, क्विनशॉन जडकिन्स ओल मिसचा, पण टेक्ससविरुद्धच्या सेमीफायनलमध्ये बॉल उडवून ८३ यार्ड पळत सुटला तो जॅक सॉयर पिकरिंग्टनचा, तुमच्या शेजारचा मुलगा, हायस्कूलमधून आलेला आणि चार वर्षं तिथेच राहिलेला. आणि बॉल कोणाच्या हातून उडवला, तर क्विन युअर्सच्या, जो २०२१ मध्ये ओहायो स्टेटलाच त्याचा रूममेट होता आणि मग टेक्ससला निघून गेला. घरची आणि बाहेरची पोरं मिळून टीम कशी होते ते तिथे दिसलं, आणि असे कोच अजून आहेत.

आता करायचं काय. जो कोच बोलेल त्याला मुलाने स्वतः विचारू द्या, तीन वर्षांपूर्वी हायस्कूलमधून घेतलेल्यांपैकी आज किती जण इथे आहेत, माझ्या जागेवर मागच्या दोन वर्षांत पोर्टलमधून किती आणले, पैशांचा करार एका वर्षाचा की जास्त, आणि तुम्ही गेलात तर माझ्या स्कॉलरशिपचं काय. गोलगोल उत्तर मिळालं तर तिथे जाऊ नका, नाव कितीही मोठं असो.

लहान कॉलेजला कमीपणा मानू नका. वर जो जॅरेड व्हर्स सांगितला तो ऑल्बनीला खेळत होता, तिथून फ्लोरिडा स्टेट, तिथून २०२४ च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये (टीम पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तो) पहिल्या राउंडमध्ये १९ वा. ओहायोतच यंगस्टाउन स्टेट आहे, आणि माउंट युनियन आहे, डिव्हिजन थ्री, म्हणजे एनसीएएची तिसरी पातळी, खेळाची स्कॉलरशिप नाही पण अभ्यासावरची मिळू शकते आणि १३ नॅशनल टायटल आहेत. पहिल्या वर्षी बाहेर बसवलं तरी रडू नका, आतापर्यंतच्या नियमाप्रमाणे चार मॅचपर्यंत खेळला तरी ते वर्ष मोजत नाहीत, पाच वर्षांत चार सीझन असतात आणि लाइनवाल्याला ते वर्ष अंग भरायला लागतंच. एक मात्र सांभाळा, पुढे कधी रागाच्या भरात त्याने स्वतः पोर्टलमध्ये नाव टाकलं तर कॉलेज सेमिस्टर संपल्यावर स्कॉलरशिप काढून घेऊ शकतं, दुसरीकडे जागा मिळेलच असं नाही आणि दरवर्षी कितीतरी पोरं अशीच लटकतात.

आणि दादांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, अभ्यास सोडायचा नाही, पण खेळ सोडायची पण गरज नाही. डिव्हिजन वनसाठी, म्हणजे सगळ्यात वरच्या पातळीसाठी, १६ कोर विषय आणि त्यात किमान २.३ जीपीए लागतो, आणि १६ पैकी १० विषय बारावी सुरू व्हायच्या आधी संपवावे लागतात. त्याच्या शाळेच्या काउन्सेलरला या आठवड्यात भेटा, कुठला विषय धरला जातो आणि कुठला नाही ते लिहून घ्या, आणि उन्हाळ्यात जवळच्या कॉलेजांचे कॅम्प असतात तिथे पाठवा, लाइनचे कोच पोराचे पाय कसे हलतात ते समोर बघतात आणि फोन परत सुरू व्हायची शक्यता तिथेच जास्त.