मंगळावर जीवसृष्टी शोधायला दोन मीटर खोल का खणायचं? वरची माती का चालत नाही?

कारण वरच्या मातीतल्या खुणा किरणोत्सर्गाने बहुतेक पुसल्या गेल्या असणार; काही टिकलं असेल तर ते खाली. मंगळाला पृथ्वीसारखं ग्रहव्यापी चुंबकीय क्षेत्र नाही आणि हवेचा दाब आपल्या एक टक्क्याहूनही कमी आहे. त्यामुळे वैश्विक किरण थेट जमिनीत शिरतात आणि कोट्यवधी वर्षांत वरच्या थरातले, जीवसृष्टीची खूण ठरू शकणारे कार्बनी रेणू मोडून टाकतात. मंगळावर फिरणाऱ्या नासाच्या क्युरिऑसिटी रोव्हरचं ड्रिल जेमतेम ५-६ सेंटिमीटर आत जातं, म्हणजे याच मार खाल्लेल्या थरात. म्हणूनच युरोपीय अवकाश संस्थेच्या रोझालिंड फ्रँकलिन रोव्हरला २ मीटरपर्यंत पोचणारं ड्रिल दिलंय. २०२८ मध्ये उड्डाणाची योजना आहे आणि उतरायचं आहे ऑक्सिया प्लॅनम या चिकणमातीच्या खनिजांनी भरलेल्या मैदानात.

दोन मीटर ऐकायला किरकोळ वाटतात, पण तिथे भोक गार ठेवायला पाणी नाही, दांड्या एकेक करून आपोआप जोडाव्या लागतात आणि ड्रिल अडकलं तर सोडवायला माणूस नाही. मंगळावर उतरलेल्या नासाच्या इनसाइट यानाचा, जमिनीतली उष्णता मोजणारा खिळा ५ मीटर जाणार होता. मातीची पकडच मिळेना म्हणून तो पृष्ठभागाशीच राहिला आणि जानेवारी २०२१ मध्ये प्रयत्न थांबवावे लागले.

एक मात्र लक्षात घ्या: या खोलीवर शोध आहे तो प्राचीन जीवांच्या अवशेषांचा. आज जिवंत सूक्ष्मजीव असलेच, तर त्यांना द्रवरूप पाणी हवं, आणि ते बहुधा कित्येक किलोमीटर खाली असेल. तिथवर कोणत्याही रोव्हरचं ड्रिल जात नाही.