बास (गोड्या पाण्यातला एक मासा) पकडण्याच्या स्पर्धेत पकडलेले सगळेच मासे मोजतात का?
नाही. अमेरिकेतल्या बासमास्टरसारख्या स्पर्धांत दिवसाचे सर्वांत वजनदार ५ मासेच हिशेबात धरतात. सहावा मोठा गळाला लागला की होडीतल्या टाकीतले मासे एकेक करून ताडून बघायचे आणि त्यातला हलका परत पाण्यात सोडायचा. टाकीत पाणी खेळतं ठेवावं लागतं, कारण मेलेला मासा वजनाला आणला तर वजन कापलं जातं. वजनाला यायला उशीर झाला तरी दंड आहेच. मला हा जिवंत माशाचा नियम सगळ्यात मोलाचा वाटतो. बासमास्टर स्पर्धा सुरू करणारे रे स्कॉट यांनी १९७२ पासून तो आग्रहाने रुजवला.

२०१९ मध्ये सुरू झालेल्या बास प्रो टूर या दुसऱ्या स्पर्धामालिकेने मात्र वेगळी वाट धरली: होडीतच वजन, लगेच सुटका, किमान वजनाचा प्रत्येक मासा हिशेबात.