टिपण आधी, रोव्हर नंतर

भूकरमापक म्हणून रुजू झालास, अभिनंदन. रोव्हर (उपग्रहांच्या मदतीने जागेचे बिंदू मोजणारं यंत्र) चालवणं लवकर जमेल, त्याची काळजी करू नकोस. खरी मेहनत जुन्या अभिलेखांत आहे. मोजणीला निघण्याआधी त्या गटाचं टिपण (मूळ मोजणीचा मापांसह कच्चा नकाशा), फाळणी (पोटहिश्श्यांच्या मोजणीचा नकाशा), गट नकाशा आणि आकारबंद (क्षेत्र आणि आकारणीची नोंदवही) समोर घेऊन बस. जुनी मापं साखळी-आण्यांत असतात: साखळी 33 फुटांची, तिचे 16 आणे. साखळीभर लांब, साखळीभर रुंद तो एक गुंठा, म्हणजे 1089 चौरस फूट. हे तोंडपाठ हवं. सातबाऱ्यावर क्षेत्र दिसतं, हद्द नाही. शेतकऱ्याला हे शांतपणे सांगावं लागतं, आणि बहुतेक वेळा दोनदा.

शेतात पोचल्यावर आधी जुनी खूण शोध. बांध सरकतात (नांगर दरवर्षी थोडा आत घुसतोच), म्हणून एकाच बांधावर भिस्त ठेवू नकोस. शेजारच्या गटांचे पक्के बिंदू पकड, मग आत ये. लगतधारकांना नोटीस पोचल्याची पोच फायलीत आहे ना, ते निघतानाच बघ. वहिवाट वेगळी दिसली तर नकाशावर तीही दाखव. अतिक्रमण काढणं आपलं काम नाही. कुणी कितीही आरडाओरडा केला तरी हद्द दाखवायची, जबाब घ्यायचे, पंचनामा करायचा. कुणी सही नाकारली तर तसं नोंदव.

चहा घ्यायचाच तर सगळ्यांसमोर बांधावर घे, एका पक्षाच्या ओसरीवर नको.

पावसाळ्यात पिकं उभी असतात, शेतातलं काम मंदावतं. तेव्हा मोडी शिकून घे. जुन्या कागदांसाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे बघावं लागणार नाही.